हेडवर काय मारायचं

मे महिना. आग्रा रोडमागच्या आमच्या पत्र्याखाली
दुपारी पाना उचलला तर हात भाजतो.
टेबलावर देसले वकिलांच्या फियाटचं हेड,
एकसष्ट सालचं, अॅल्युमिनियमचं,
जळक्या तेलाची खपली इतकी जाड
की मी नखाने ओरखडलं तर नख काळं झालं,
हेड तसंच.

प्रश्न एवढाच होता, याच्यावर काय मारायचं.

पांझरेची वाळू फुकट मिळते.
पण वाळूचं नाव काढलं की मला
थोरल्या काकांचा खोकला ऐकू येतो,
भुसावळच्या शेडमधली सतरा वर्षं
आणि तोंडाला बांधलेला एक ओला रुमाल.
वाळू नाही.

काचेचे मणी आहेत, अर्धं पोतं.
छान चमक येते, गिऱ्हाईक खूश होतं.
पण एक मणी तेलाच्या वाटेत लपला
तर शिरपूरपर्यंत गाडी नीट जाते
आणि येताना बेअरिंग खाते.
नरडाण्याच्या एका जीपने
मला हे एकदा शिकवलंय, माझ्या पैशाने.

तपकिरी खडी लोखंडासाठी.
सोडा गरीब, पाण्यात विरघळून जातो,
पण या खपलीपुढे तो नुसता पांढरा पडला.
मक्याच्या बुरकुंडांचा भुसा
तेल तेवढं प्यायला.
अक्रोडाची टरफलं मुंबईहून मागवायची,
आठ दिवस, आणि भाव ऐकून
मी फोन ठेवताना नमस्कारही केला नाही.

सुपडू मिस्त्री तोवर बाकावर बसून
बोरं खात होते. सुकलेली, सुरकुतलेली.
आठळी तोंडातून काढायची, बघायची,
डालडाच्या डब्यात टाकायची. टण.
ऐंशीच्या पुढचं वय, आता काम करत नाहीत,
फक्त येतात.
‘धातूले बी कातडी ऱ्हास, पोरी,’ म्हणाले,
आणि डबा माझ्याकडे सरकवला.

डबा कसला, घरी दोन गोण्या होत्या.
का साठवल्या, विचारलं तर म्हणे, फेकवत नाही.
पिठाच्या गिरणीवाल्याने आम्हाला हाकललं,
मिरचीच्या डंकावालीने दळून दिलं,
मग तिखटाचा अंश त्यात राहिला,
चाळताना दोघंही शिंकत होतो.

आधी तेलाच्या वाटा बुचांनी बंद केल्या.
कॉम्प्रेसर ऐंशीवरून चाळीसवर आणला.
पेटीच्या हातमोज्यांत कोपरापर्यंत हात,
काचेपलीकडे तपकिरी धुरळा,
पायाने पेडल दाबलं.
लगेच काही झालं नाही.
मग एका कडेला, तव्यावरून भाकरी सुटावी
तशी खपली सुटली.

संध्याकाळपर्यंत हेड करडं, मऊ दिसायला लागलं.
चमक नव्हती. ओतकामाचे जुने दाणे
जिथल्या तिथे होते.
आणि तिसऱ्या एक्झॉस्टच्या शेजारी,
सुईसारख्या कशाने तरी कोरलेलं:
३ गळतो.

एवढंच. ना सही, ना साल.
वाळू मारली असती तर गेलं असतं.
मिस्त्रींनी चष्मा पुसला, वाकले,
बराच वेळ वाकलेलेच राहिले.
‘कोनी लिखेल व्हई हाई?’
मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.
त्यांच्या बिलबुकातल्या तीनलाही
अशीच वर वळलेली शेपटी असते.
मी ते बोलले नाही.

रॉकेल ओतून पाहिलं.
एक कोरडा. दोन कोरडा. चार कोरडा.
तीन गळत होता.

पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासला, तळवे दुखेपर्यंत,
पुन्हा रॉकेल, पुन्हा घासणं,
थेंब थांबला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.
मग खिळा घेतला
आणि त्या ओळीखाली कोरलं: बसवला.

दोन-चार वर्षांत पुन्हा काजळी धरेल,
झाकून जाईल.
पुढे कधी हे हेड ज्याच्या टेबलावर येईल
तो त्याच्यावर काय मारेल,
कोण जाणे.
मिस्त्री म्हणाले, आठळ्या उरल्यात का?
उरल्या होत्या. डबा झाकून ठेवला.